जंगलात बसणं आणि जंगल मोजणं: दोन्ही एकत्र करायची पद्धत

जंगलात शांत बसून येणाऱ्याला बरं वाटतं, पण वर्षभरात ते जंगल सुधारलं की खालावलं हे त्याला सांगता येत नाही. टेप आणि तक्ता घेऊन जाणाऱ्याकडे आकडे जमतात, पण तक्त्यात जिला रकाना नाही अशी गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरून निघून जाते. या दोन्ही उणिवा अभ्यासकांच्या ओळखीच्या आहेत. समोरची झाडं-झुडपं माणसाला नुसती हिरवी पार्श्वभूमी वाटतात, याला जेम्स वॉन्डरसी आणि एलिझाबेथ शुस्लर यांनी १९९९ मध्ये ‘वनस्पती-अंधत्व’ म्हटलं. प्रत्येक पिढी स्वतः सुरुवातीला पाहिलेल्या निसर्गालाच मूळ स्थिती धरून चालते आणि त्यामुळे हळूहळू होणारी घसरण कुणाच्या लक्षात येत नाही, हे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मांडलं. पहिल्यावर उपाय आहे सजग लक्ष, दुसऱ्यावर लेखी नोंद. म्हणून दोन्ही एकाच जागी आणि एकाच भेटीत करायचं, पण वेळा वेगळ्या ठेवायच्या. सरमिसळ झाली की दोन्ही बिघडतात. कशी, ते पुढे येईलच.

खालची पद्धत एकट्या माणसाला आठवड्याला दीड-दोन तासांत जमण्यासारखी आहे. वनशास्त्राची पदवी लागत नाही आणि ध्यानाचा पूर्वानुभवही लागत नाही. सातत्य मात्र लागतं. वर्षाच्या आतल्या नोंदींतून फक्त ऋतू दिसतात.

जागा आणि वर्तुळ

जागा जवळची निवडा. चालत किंवा सायकलने वर्षभर जिथे जाता येईल ती साधी जागा दूरच्या देखण्या जंगलापेक्षा चांगली. कार्बनचा हिशेब मांडल्यावर याचं कारण दिसेल. जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी लेखी घ्या आणि झाडांवर खुणा करणं, माती उकरणं याचा उल्लेख तिच्यात आधीच करून ठेवा.

जंगलाच्या अगदी कडेला मोजू नका. तिथे ऊन, वारा आणि कोरडेपणा जास्त असतो, त्यामुळे कडेचे आकडे आतल्या भागाला लागू होत नाहीत. शक्य असेल तर कडेपासून ३० मीटर तरी आत जा. मोजणी एका आखलेल्या वर्तुळात करायची असते. त्याचा मध्य आवडलेल्या झाडापाशी ठरवण्याचा मोह फार होतो, तो टाळा. माणूस नेहमी मोठ्या, सुंदर झाडाकडे खेचला जातो आणि मग सगळे आकडे फुगतात. दिशा आणि पावलांची संख्या घरीच चिठ्ठ्या टाकून ठरवा, तिथे गेल्यावर मोजून चाला आणि जिथे थांबाल तोच मध्य माना.

मध्यावर टिकाऊ खुंटी ठोका आणि ११.२८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. हा विचित्र आकडा सोयीचा आहे, कारण त्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर भरतं, म्हणजे हेक्टरचा बरोबर पंचविसावा भाग. मोजलेल्या कुठल्याही संख्येला २५ ने गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. उतारावर त्रिज्या आडव्या पातळीत धरायची असते, म्हणून उताराच्या दिशेने दोरी लांबवावी लागते: १० अंशांच्या उतारावर ११.४५ मीटर, २० अंशांवर १२ मीटर, ३० अंशांवर १३.०३ मीटर. हे विसरलं तर वर्तुळ लहान पडतं आणि झाडं कमी मोजली जातात. काठावरच्या झाडाचा नियम सोपा आहे. खोडाचा मध्य आत असेल तर झाड आत, बाहेर असेल तर बाहेर.

अशी दोन वर्तुळं आखा, एकमेकांपासून निदान ५० मीटर दूर आणि शक्य तितक्या सारख्या जागी. एका वर्तुळात पुढेमागे काही सुधारणा कराल, दुसऱ्याला हात लावायचा नाही. हे दुसरं वर्तुळ नसेल तर झालेला बदल तुमच्यामुळे झाला की त्या वर्षीच्या पावसामुळे, हे कधीच कळणार नाही.

बसायची जागा मात्र दोन्ही वर्तुळांच्या बाहेर हवी, काठापासून पाच-दहा मीटर दूर. खडक किंवा आधीच घट्ट झालेली, उघडी जमीन निवडा. पायाखाली तुडवण्याचं बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या फेऱ्यांतच होऊन जातं. त्यानंतर आणखी पावलं पडली तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. त्यामुळे रोज नवी जागा शोधून बसणारा माणूस एकाच दगडावर बसणाऱ्यापेक्षा जंगलाचं जास्त नुकसान करतो. कुजत असलेल्या ओंडक्यावर बसू नका, त्याच्या आत आणि खाली पुष्कळ जीव राहत असतात. बसण्याआधी वर पाहा. वाळलेली, अडकून राहिलेली फांदी डोक्यावर असेल तर जागा बदला. वादळवाऱ्याच्या आणि विजांच्या दिवशी जाऊच नका.

साहित्य

कापडी किंवा फायबरची मोजपट्टी, ३० मीटरची दोरी, होकायंत्र, सहा इंची पट्टी, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेन्सिलच घ्या, ओल्या कागदावर शाई फुटते. छत्र (डोक्यावरचं पाना-फांद्यांचं आच्छादन) मोजायला पुठ्ठ्याची एक नळी. तिच्या एका तोंडाला दोन दोरे आडवे-उभे ताणून फुली करा. मातीसाठी १५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा धातूचा किंवा प्लॅस्टिक पाइपचा तुकडा, ४४२ मिलिलिटरची खूण केलेली बाटली आणि प्लॅस्टिकचा एक लहान कागद. फोन विमान मोडवर. घड्याळ आणि कॅमेरा यापलीकडे त्याचं काम नाही.

आधी बसायचं

माणूस जंगलात शिरला की पक्षी आणि लहान प्राणी गप्प होतात किंवा इशाऱ्याचे आवाज काढतात. हालचाल थांबवल्यावर साधारण दहा-पंधरा मिनिटांत ते पुन्हा आपापल्या कामाला लागतात. बसण्याचा वेळ २५ मिनिटांचा ठेवण्याचं अर्धं कारण हे आहे. उरलेलं अर्धं कारण तुमच्या डोक्यात आहे: बाहेरच्या कामांची गडबड तेवढ्याच वेळात खाली बसते.

पाठ ताठ पण सैल, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, डोळे उघडे. डोळे मिटून बसण्याची सवय असलेल्यांनीही जंगलात नजर खाली, तीन-चार मीटरवर ठेवावी. साप, मुंग्या, पडणारी फांदी हे सगळं खरं असतं.

पहिली पाच मिनिटं श्वास मोजा. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत गेलं की पुन्हा एकपासून. आकडा हुकला तर पुन्हा एकवर या. हुकणं हे अपयश धरू नका. हुकल्याचं लक्षात येणं हाच या सरावाचा गाभा आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो आठ आठवड्यांचा सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्याही मुळाशी हीच साधी क्रिया आहे: लक्ष भरकटलं हे ओळखायचं आणि स्वतःवर न चिडता ते परत आणायचं.

पुढची दहा मिनिटं कानांची. सगळ्यात दूरचा आवाज शोधा, मग सगळ्यात जवळचा, मग या दोन्हींच्या मधले. आवाजाला लगेच नाव चिकटवू नका. ‘बुलबुल’ म्हटलं की ऐकणं संपतं. आवाज चढतो की उतरतो, तुटक आहे की सलग, एकाच जागेवरून येतो की सरकतो, हे आधी ऐका. पानांचा आवाजही झाडागणिक वेगळा असतो. जाड, चिवट पान खडखडतं, पातळ पान सळसळतं. काही आठवड्यांत डोळे न उचलता वारा कुठल्या झाडातून आला हे कळू लागतं.

शेवटची दहा मिनिटं समोरच्या एकाच चौरस मीटरवर नजर ठेवा. उजेडाचे ठिपके कसे सरकतात, कुठल्या पानांवर कुरतडल्याच्या खुणा आहेत, कोण कुठून कुठे चाललंय. रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडलेला सिद्धान्त असा, की हलत्या पानांसारख्या गोष्टी लक्ष अलगद धरून ठेवतात, जबरदस्ती करत नाहीत, आणि त्यामुळे ओढून-ताणून लावलेल्या लक्षाला विश्रांती मिळते. हे विश्रांती घेतलेलं लक्षच पुढे मोजमापाला वापरायचं आहे.

काही जणांना शांत बसल्यावर उलट अस्वस्थ वाटतं, छाती धडधडते, नको ते आठवतं. असं झालं तर श्वासावरून लक्ष काढा आणि तळपायांवर किंवा आवाजांवर आणा. तरीही त्रास होत असेल तर उठा आणि सावकाश चाला. चालत निरीक्षण करणं तितकंच चांगलं आहे.

वनस्नानाबद्दल, म्हणजे तब्येतीसाठी जंगलात निवांत वेळ घालवण्याबद्दल, एक गोष्ट स्पष्ट असू द्या. त्यासाठीचा ‘शिनरिन-योकू’ हा शब्द जपानच्या वनविभागाने १९८२ मध्ये पुढे आणला आणि त्यानंतर जंगलात वेळ घालवण्याच्या आरोग्यावरच्या परिणामांवर खूप काम झालं. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. पण ही एका वेळची पाहणी होती. मुळात निरोगी असलेले लोकच जास्त बाहेर पडत असतील ही शक्यता त्यातून जात नाही. आणि हा सगळा फायदा माणसाचा आहे. जंगलाचा फायदा त्यापुढच्या कामातून होतो.

तीन रकाने

उठण्याआधी वहीत तीन रकाने भरा: दिसलं किंवा ऐकलं, वाटलं, अंदाज. ‘पूर्वेच्या झाडाची खालची पानं पिवळी, साधारण एक चतुर्थांश’ हे पहिल्या रकान्यात. ‘उदास वाटलं’ दुसऱ्यात. ‘झाडाला रोग असावा’ तिसऱ्यात. हे रकाने वेगळे ठेवणं हा या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. सजगतेत जे शिकवतात (अनुभव वेगळा, त्यावरची प्रतिक्रिया वेगळी) तेच विज्ञानात निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवताना करावं लागतं. सुरुवातीला जवळपास प्रत्येक वाक्य चुकीच्या रकान्यात पडतं. ‘माती निरोगी दिसली’ हे दिसणं नव्हे, तो अंदाज आहे. ‘माती काळी, बोटात चुरगळली की लहान गोळ्या पडतात, तीन गांडुळं’ हे दिसणं.

दुसरा रकाना मात्र गाळू नका. त्याचा उपयोग पुढे चुका शोधताना होतो.

मग मोजायचं

रोज सगळं मोजायचं नसतं. बसणं आणि तीन रकाने दर आठवड्याला; पालवी, कळी, फूल, फळ, पानगळ यांच्या नोंदी दर पंधरवड्याला; जमीन, रोपं आणि छत्र वर्षातून दोनदा; घेर आणि उंची वर्षातून एकदा.

घेरापासून सुरुवात करू, कारण सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त तिथेच चुकतं. ३१ सेंटिमीटरपेक्षा जास्त घेराचं, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचं, प्रत्येक झाड घ्या. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजा. भारत आणि अमेरिकेत १.३७ मीटरची प्रथा आहे. कुठलीही एक धरा आणि वहीत लिहून ठेवा. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभं राहून ही १.३ मीटरची उंची मोजतात. तिरप्या झाडावर टेप खोडाला काटकोनात धरायची, जमिनीला समांतर नाही. बुंध्याला फळीसारखी आधारमुळं पसरली असतील तर ती संपतात तिथून ५० सेंटिमीटर वर मोजा. १.३ मीटरच्या खालीच दोन खोडं फुटली असतील तर दोन झाडं धरा. मोजायच्या जागी रंगाची बारीक रेघ ओढा. खिळा ठोकू नका, जखमेभोवती खोड फुगतं आणि पुढची मापं बिघडतात.

आता टेपकडे नीट पाहा. समजा झाडाचा घेर ९४ सेंटिमीटर आहे. खोडामागे टेप सालीच्या खवल्यावर अडकली आणि १० अंश तिरपी राहिली, तर माप सुमारे ७ मिलिमीटर जास्त येतं. वर्षाला व्यास ३ मिलिमीटर वाढणाऱ्या झाडाचा घेर वर्षभरात साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणजे एका घाईच्या मापाने वर्षभराची बरीचशी वाढ खोटी दाखवता येते किंवा पुसता येते. म्हणून टेप गुंडाळल्यावर हात न हलवता एक पूर्ण श्वास घ्या, मान वाकवून खोडाची मागची बाजू पाहा, वेली आणि शेवाळ टेपखाली आलेलं नाही ना बघा, मगच आकडा वाचा. टेप काढून पुन्हा एकदा मोजा. दोन मापांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. खोडं दिवसा थोडी आकसतात आणि रात्री पाणी भरून फुगतात, कोरड्या ऋतूत जास्त आकसतात. त्यामुळे दरवर्षी तोच पंधरवडा आणि सकाळची तीच वेळ ठेवा.

उंचीसाठी सरळ काठी पुरते. काठी हात लांब करून उभी धरा. मुठीपासून काठीच्या टोकापर्यंतचं अंतर हे मुठीपासून डोळ्यापर्यंतच्या अंतराइतकं हवं. मागे सरकत जा, जोपर्यंत मुठीची वरची कड बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळत नाही. जुळलं की झाडापासूनचं अंतर हीच उंची. सपाट जमिनीवर हे ठीक चालतं, उतारावर फसवतं. तिथे झाडाच्या बाजूला, त्याच पातळीवर सरका. पसरट छत्राच्या झाडात जवळची फांदी शेंडा वाटते आणि उंची जास्त येते.

पर्णछत्रासाठी मध्यापासून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे दहा-दहा मीटर चाला. दर मीटरला नळी अगदी उभी धरून वर पाहा. फुलीवर पान किंवा फांदी आली तर ‘हो’, आकाश आलं तर ‘नाही’. एकूण ४० नोंदी, प्रत्येक ‘हो’ची किंमत अडीच टक्के. नजरेने अंदाज करून ‘सत्तर टक्के असेल’ असं कधीच लिहू नका. पानगळीच्या आणि भर पालवीच्या काळात वेगळं मोजा.

रोपं मोजायला ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य आणि वायव्य या दिशांना मध्यापासून सहा मीटरवर १.१३ मीटर त्रिज्येची चार लहान वर्तुळं घ्या. प्रत्येकी चार चौरस मीटर. दिशा मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत, कारण छत्र मोजताना चाललेल्या वाटेवर रोपं तुडवली जातात. ३० सेंटिमीटरखालची, ३० सेंटिमीटर ते १.३ मीटरमधली आणि त्याहून उंच पण अजून ३१ सेंटिमीटर घेराची न झालेली, असे तीन गट करा. जात ओळखता आली नाही तर पानाचं चित्र काढून ‘अनोळखी १’ असं नाव द्या. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आणि आता पालापाचोळा. इथे थांबा, कारण जंगलाची तब्येत सगळ्यात लवकर इथे दिसते. गुडघ्यावर बसा आणि अंगठा-तर्जनीने एकेक थर उचला. वर या मोसमातली पानं, अख्खी, रंग अजून ओळखू येणारी. त्यांच्याखाली गेल्या खेपेची: तपकिरी, एकमेकांना चिकटलेली, मधला गर खाल्ला गेल्याने नुसत्या शिरांची जाळी उरलेली. दोन पानं अलग करताना बारीक पांढरे धागे ताणले जाऊन तुटतात, ती बुरशी. पांढुरके, तिळाहून लहान कीटक टुणकन उडतात. त्याखाली पान कुठलं, काय होतं हे ओळखू येत नाही. काळपट, ओलसर, पावसाच्या पहिल्या सरीचा वास असलेला भुगा. मग खनिज माती. हे तिन्ही थर असतील तर कुजण्याची साखळी चालू आहे. वरचा थर जाड आणि खालचे गायब असतील तर कुजणं अडलंय: फार कोरडं, फार आम्ल, किंवा एकाच जातीच्या चिवट पानांचा खच. वरचा थरच नसेल तर पाला कुणीतरी नेतंय, जाळतंय किंवा पाणी वाहून नेतंय. पट्टी न दाबता आठ ठिकाणी जाडी मोजा, आणि उचललेले थर त्याच क्रमाने परत ठेवा.

मातीत पाणी मुरण्याची चाचणी वर्तुळाच्या काठालगत करा, मध्यात नको. पाला बाजूला करून पाइपचा तुकडा पाच सेंटिमीटर खोल ठोका. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर ४४२ मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद ओढून घ्या. थेट ओतलं तर मातीचे बारीक कण उसळून छिद्रं बुजतात. हे पाणी अडीच सेंटिमीटर पावसाइतकं आहे. ते मुरू द्या. मग तेवढंच पुन्हा ओता आणि या दुसऱ्या खेपेला लागलेला वेळ लिहा. पहिल्या खेपेला मातीचा कोरडेपणा मोजला जातो, दुसऱ्या खेपेला मुरण्याचा वेग. तुलनेसाठी हीच चाचणी एकदा जवळच्या पायवाटेवर करून पाहा, फरक डोळ्यांना दिसतो. आग लागून गेलेल्या किंवा फार सुकलेल्या जमिनीवर पाण्याचा थेंब पाच सेकंदांहून जास्त वेळ गोळा होऊन राहिला तर माती पाणी झटकतेय, आणि तिथे मुरण्याचा आकडा काही काळ खराबच येणार.

कार्बनचा हिशेब, आणि त्याची मर्यादा

उष्णकटिबंधातल्या झाडांसाठी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक समीकरण सर्रास वापरतात: जमिनीवरचा जैवभार (झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन) किलोत = ०.०६७३ × (लाकडाची घनता × व्यासाचा वर्ग × उंची) याचा ०.९७६ वा घात. व्यास सेंटिमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. आपल्या ९४ सेंटिमीटर घेराच्या झाडाचा व्यास २९.९ येतो. उंची १५ मीटर आणि घनता ०.६ धरली तर कोरडा जैवभार सुमारे ४३६ किलो. त्यातला कार्बन ०.४७ पट, म्हणजे २०५ किलो, ३.६७ ने गुणल्यावर कार्बन डायऑक्साइड सुमारे ७५० किलो. उंची दोन मीटर चुकली तर उत्तर सुमारे १३ टक्क्यांनी हलतं, म्हणून दशांश लिहिण्यात अर्थ नाही.

एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे या झाडाने आयुष्यभरात जमिनीवरच्या भागात साठवलेलं सगळं ३२५-३३० लिटर पेट्रोलमध्ये संपतं. दर आठवड्याला मोटारीने दूरच्या जंगलात ‘शांतता शोधायला’ जाणाऱ्याने हा आकडा समोर ठेवावा.

एका वर्तुळावरून अख्ख्या जंगलाचा कार्बन जाहीर करू नका. वर्तुळाचा उपयोग त्याच वर्तुळातला बदल पाहण्यापुरता.

कुठे चुकतं

सगळ्यात फसवी चूक सरावातून येते. लक्ष तीक्ष्ण होतं तसं तुम्हाला जास्त दिसू आणि ऐकू लागतं. पहिल्या महिन्यात सहा पक्षी, सहाव्या महिन्यात पंधरा. जंगलात काहीही वाढलेलं नसतं, कान तयार झालेले असतात. सजगता आणि मोजमाप एकत्र करणाऱ्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. उपाय तीन: पहिल्या वर्षाच्या पक्षी-कीटकांच्या नोंदी सरावाच्या धरा आणि तुलनेत घेऊ नका, मोजणीचा वेळ ठरावीक ठेवा, दहा मिनिटं म्हणजे दहाच, आणि टेप, नळी, पट्टी यांनी मोजलेल्या गोष्टींवरच निर्णय घ्या.

दुसरी चूक मनःस्थितीची. प्रसन्न बसून उठल्यावर सगळं हिरवं आणि भरगच्च वाटतं, थकलेल्या दिवशी तेच उजाड. दुसरा रकाना इथे कामी येतो. वर्षाअखेरीस ‘छान वाटलं’ लिहिलेल्या दिवसांचे अंदाज आणि ‘कंटाळा’ लिहिलेल्या दिवसांचे अंदाज वेगळे काढा. दोन्हींत ठळक फरक दिसला तर अंदाजाने लिहिलेलं बाजूला ठेवा.

तिसरी चूक गोष्टी रचण्याची. झाडं एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिलांना भरवतं, हे ऐकायला फार गोड वाटतं. झाडांच्या मुळांशी बुरशीचं सहजीवन असतं हे पक्कं आहे. वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये भूर्ज आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची देवाणघेवाण दाखवली हेही खरं. पण बुरशीच्या जाळ्यातून झाडं एकमेकांना सावध करतात, आपली पिलं ओळखून त्यांना पोसतात, या लोकप्रिय दाव्यांना प्रत्यक्ष जंगलातला पुरावा फार तुटपुंजा आहे, असं जस्टिन कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३ च्या परीक्षण-लेखात दाखवून दिलं. झाडाबद्दल जिव्हाळा वाटायला त्याला माणूस बनवायची गरज नाही. आणि निर्णय अशा गोष्टीवर घेतला तर जंगलाचं नुकसान होऊ शकतं: ‘आई-झाडा’भोवती दाटलेली आक्रमक (बाहेरून येऊन इथल्या झाडांना दडपणारी) झुडपं कुटुंब समजून राखली जातात.

नोंदीवरून काम

वर्षाच्या शेवटी दोन्ही वर्तुळांचे आकडे शेजारी मांडा आणि फक्त एक हस्तक्षेप ठरवा. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही.

लहान रोपं भरपूर पण मधला गट रिकामा, हे फार वेळा दिसतं. कारण बहुधा तिघांपैकी एक असतं: चराई, आग किंवा दाट सावली. छत्र ८५-९० टक्के असेल तर सावलीचा संशय घ्या आणि काहीच करू नका. एखादं झाड पडून उजेड येण्याची वाट ही रोपं वर्षानुवर्षं पाहू शकतात. शेंडे कुरतडलेले असतील तर एका लहान वर्तुळाला काटेरी फांद्यांचं कुंपण करा आणि बाकीची तीन उघडी ठेवा. बुंध्यांवर करपल्याच्या खुणा असतील तर झाडं लावण्यात पैसे घालण्याआधी आग कोण, कधी आणि का लावतं हे शोधून त्यांच्याशी बोला.

लहान रोपंच नसतील तर दर पंधरवड्याच्या नोंदी उघडा. फळं धरली का? धरली असतील तर बी कुठे गेलं? फुलं येऊन फळं धरली नसतील तर परागण करणारे जीव कमी झाले असण्याची शक्यता तपासा. इथे आठवड्याच्या बसण्याचं मोल कळतं, कारण फुलांवर कोण येतं हे टेपने मोजता येत नाही.

पाणी मुरत नसेल तर वाट वळवा. नवी वाट काढू नका. जुन्यांपैकी एकच ठेवा आणि बाकीच्यांवर पडलेल्या फांद्या आडव्या टाका. पाला नसेल तर नेणं थांबवा, एवढंच. बाहेरून पाला आणून टाकला तर त्याबरोबर परकं बी आणि रोग येतात. आक्रमक झुडपं असतील तर माती ओली असताना आणि बी धरण्याआधी मुळासकट उपटा, मुळं हवेत राहतील अशी टांगून वाळवा, आणि एका वेळी इतकीच जागा मोकळी करा जिच्याकडे पुढची तीन वर्षं परत यायला जमेल. मोकळी करून सोडून दिलेल्या जागेत तीच झुडपं अधिक दाट येतात. वठलेली झाडं आणि पडलेले ओंडके, वाटेवरचा धोका सोडून, जिथे आहेत तिथे राहू द्या. आणि ‘काहीही केलं नाही’ हा निर्णयही तारीख घालून कारणासकट लिहा.

वही दुसऱ्याला कळली पाहिजे

तुमच्यानंतर कुणी हे वर्तुळ शोधू शकलं तरच नोंदीला वय येतं. वहीच्या पहिल्या पानावर मध्याच्या खुंटीचं स्थान दोन प्रकारे लिहा: फोनवरचे अक्षांश-रेखांश, आणि दोन कायमच्या वस्तूंपासून (मोठा खडक, विहिरीचा कठडा) दिशा व अंतर. दाट छत्राखाली फोन पाच-दहा मीटर सहज चुकतो, म्हणून दुसरा प्रकार आवश्यक. घेर कुठल्या उंचीवर मोजला, त्रिज्या किती, उतार किती, उंची कुठल्या पद्धतीने, छत्राच्या नोंदी किती, हे त्याच पानावर. झाडांना मध्यापासूनची दिशा आणि अंतर देऊन क्रमांक द्या. रंग उडाला तरी झाड सापडतं. चारही दिशांना मध्यावरून, डोळ्यांच्या उंचीवरून, झूम न करता फोटो काढा आणि फाइलच्या नावात तारीख व दिशा घाला. दर तीन महिन्यांनी वहीची पानं स्कॅन करून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि वर्षातून एक मोजणी दुसऱ्या कुणाला, फक्त ते पहिलं पान हातात देऊन, करायला लावा. त्याला मध्य सापडला नाही किंवा त्याचे घेर तुमच्यापेक्षा सेंटिमीटरभर वेगळे आले, तर त्या पानावर काय लिहायचं राहिलंय ते शोधून त्याच दिवशी भरा.